एका तासात तीन अंश

खंडेनवमीच्या दुपारी कारभारीने मायनस ऐंशीचं बटण बंद केलं, तेव्हा राजेश्वरी कर्जतला आईच्या घरी पानावर बसली होती. पुरणपोळीवर तूप वाढून झालं होतं. ही वेळ तिने नंतर स्वतःच जुळवून पाहिली, एकदा नव्हे, अनेकदा. जणू ती नीट जुळली तर काही फरक पडणार होता.

मायनस ऐंशी म्हणजे प्रयोगशाळेतलं कपाटाएवढं उभं फ्रीझर. आतलं तापमान शून्याखाली ऐंशी अंश. नगरच्या बाहेर जामखेड रस्त्याला एक छोटं संशोधन केंद्र आहे, तिथे मागच्या खोलीत ते उभं होतं आणि त्यात तीनशे बारा कुप्या होत्या. प्रत्येक कुपीत चमचाभर हिरवट गढूळ द्रव गोठलेला. राजेश्वरीची अकरा वर्षं त्यात होती, आणि खरं म्हणजे त्याच्या आधीचीही.

ती नऊ वर्षांची असताना वडिलांच्या, हनुमंतरावांच्या, दोन गाई दावं तोडून ज्वारीच्या रानात शिरल्या होत्या. पावसाने ओढ दिली होती आणि ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपत चालली होती. तसल्या ज्वारीत विष धरतं. त्याला किराळ म्हणतात; पुस्तकातलं नाव सायनाइड. थोरली गाय बांधावरच आडवी झाली. वडील तिच्या तोंडात गुळाचं पाणी ओतत होते आणि ते एका बाजूने तसंच बाहेर येत होतं. अर्ध्या तासात ती गेली. दुसरीने तेवढंच खाल्लं होतं, ती मात्र रवंथ करत उभी राहिली. गुरांचे डॉक्टर संध्याकाळी आले आणि म्हणाले, हिचं नशीब. राजेश्वरीला ते उत्तर पुरलं नाही. नशीब असेल तर ते गाईच्या अंगात कुठेतरी असलं पाहिजे, असं तिला वाटलं, आणि असेल तर ते बघता आलं पाहिजे.

पुढे ती जीवरसायनशास्त्र शिकली. गाय जे खाते ते आधी तिच्या कोठीपोटातले जिवाणू खातात आणि गाय त्यांनी केलेल्या अन्नावर जगते, हे वाचलं त्या दिवशी तिला ती दुसरी गाय आठवली. पण ज्याला नोकरी टिकवायची असते त्याला नोकरी देणाऱ्याचे जिवाणू बघावे लागतात. पुण्यात तिने चौदा वर्षं प्रयोगशाळेतल्या शहाण्या जिवाणूंवर काम केलं. ते वीस मिनिटांत दुप्पट होत, साखर देऊ तेव्हा साखर खात आणि त्यांच्या चयापचयाची प्रत्येक पायरी आधीच कुणीतरी कागदावर काढून ठेवलेली असे. एक्केचाळिसाव्या वर्षी तिने नगरची जागा मागून घेतली. सहकाऱ्यांनी निरोपाच्या चहाला तिची समजूत घातली, ती तिने ऐकून घेतली.

तेरा सालच्या दुष्काळात जामखेड तालुक्यातल्या जनावरांच्या छावणीत ती नळी आणि हातपंप घेऊन फिरत होती. जनावराच्या घशातून नळी घालून पोटातलं पाणी ओढून घ्यायचं, थर्मासमध्ये भरायचं, नगरला न्यायचं. छावणीतले लोक तिला पोटातलं पाणी काढणारी बाई म्हणत. कारभारी, हे त्याचं नावच, तिथेच भेटला. बैलगाडी घेऊन दरसाल ऊसतोडीला जाणारा माणूस, चाळिशीचा, वाळलेला, जिभेला धार. त्या साली तोड लवकर आटपली होती. परतीच्या वाटेवर बैल सोडले तर ते करपलेल्या ज्वारीत शिरले. एक तिथेच गेला. दुसरा, पाखऱ्या, छावणीच्या दावणीला उसाचं वाढं चघळत उभा होता.

"बाई, बैलाच्या पोटात काय हुडकताय?" कारभारीने विचारलं होतं. "आमच्या पोटात बघा की. लई मोकळं हाय, नळी अडकायची न्हाई."

आजूबाजूच्या बाया हसल्या. राजेश्वरीने त्याला शांतपणे सांगितलं, की तुमचा एक बैल गेला आणि एक राहिला, तो का राहिला ते ह्या पाण्यात असेल. कारभारी हसायचा थांबला. पाखऱ्याचं मुस्कट त्याने स्वतः धरलं.

त्या पाण्याला सतरा नंबर पडला. बाकीच्या जनावरांच्या पाण्यात घातलेलं सायनाइड संपायला रात्र-दिवस लागे; सतरा नंबरने ते चार तासांत संपवलं. नुसतं संपवलं नाही, खाल्लं. त्यात एक जिवाणू होता जो सायनाइड फोडून त्यातला नायट्रोजन काढून घ्यायचा आणि त्यावर अंग धरायचा. उपाशी जनावराच्या पोटात दुसरं काही नसताना तो विषावर जगायला शिकला होता. ही वाट, ह्या पायऱ्या, पूर्वी कुणी कागदावर काढलेल्या नव्हत्या. राजेश्वरीने त्या काढायला घेतल्या.

पण तो शहाणा नव्हता. एकटा काढला की मरायचा. त्याला त्याचे तीसेक शेजारी लागत. कुणी त्याला जीवनसत्त्व द्यायचा, कुणी त्याचा कचरा उचलायचा. देशातल्या मोठ्या जिवाणू-संग्रहांत फक्त एकटे जगणारे ठेवून घेतात, म्हणून तो तिकडे पाठवता येत नव्हता. बाटलीत जिवंत ठेवला तर सुखाचं खाऊन काही महिन्यांत तो किराळ पचवायचं विसरून जायचा, आणि एकदा विसरला की नुसत्या किराळाने त्याला ते पुन्हा येत नसे. म्हणून मूळ पाणी गोठवून ठेवायचं आणि दर वेळी एक कुपी काढून नव्याने सुरुवात करायची, एवढाच मार्ग होता. एकोणीसच्या दुष्काळात तिने पुन्हा छावण्या पालथ्या घातल्या तेव्हा आणखी तीन जनावरांत तो सापडला. चांगल्या पावसाच्या वर्षांत कुठेच नाही. तीनशे बारा कुप्या त्या चार जनावरांच्या होत्या आणि ती चारही जनावरं आता नव्हती.

पाखऱ्या गेला तेव्हा कारभारी केंद्रात मदतनीस म्हणून लागून दोन वर्षं झाली होती. राजेश्वरीनेच त्याला कंत्राटावर घेतलं होतं. प्राणवायू लागला की हे जिवाणू मरतात, तर बाटलीतून हवा काढून कार्बन डाय-ऑक्साइड कसा भरायचा हे तो पीएचडीच्या मुलांपेक्षा चांगलं करी आणि त्यांना ते ऐकवीही. बैल पुरून तो दुसऱ्या दिवशी कामावर आला. राजेश्वरीने विचारपूस केली, तर म्हणाला, "गेला कुटं, बाई? हितंच तर हाय, खालच्या कप्प्यात."

आता खंडेनवमीचं. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि पूजेतल्या हत्याराला काम सांगत नाहीत. कर्जतच्या घरी ह्या दिवशी विळे, कुऱ्हाडी, पांभर, सगळं धुऊन ओळीने मांडलेलं असे आणि दसऱ्याला राजेश्वरीची पुस्तकंही पाटावर जात. एक दिवस अभ्यास नाही. केंद्रात पहिल्या वर्षी कारभारीने विचारलं, की बाई, ह्यांचं काय? तेव्हा ती म्हणाली होती, करा की, वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनाही विसावा द्या. सूक्ष्मदर्शक, हलवणी यंत्र, वजनकाटा, सगळं बंद करून त्याने हळदकुंकू वाहिलं. मायनस ऐंशीपाशी येऊन तो थांबला. सगळ्यांना विसावा आणि ह्याला नाही, हे त्याला पटत नव्हतं.

दुसरी कुणी असती तर नाही म्हणून मोकळी झाली असती. राजेश्वरीने मोजलं. दार न उघडता एक तास बंद ठेवलं तर आतलं तापमान किती चढतं? आत तापमापक ठेवून तिने ते टिपलं: एका तासात तीन अंश. उणे ऐंशीचं उणे सत्त्याहत्तर. त्याने काहीही बिघडत नाही. वहीत तसं लिहून तिने तारीख घातली आणि मगच परवानगी दिली. तेव्हापासून दर खंडेनवमीला ती घड्याळ लावून उभी राही, कारभारी बटण बंद करी, झेंडूची माळ चढवी, नारळ फोडी, आणि तासाभराने तिने मान हलवली की बटण सुरू करी. तिला त्यात बरं वाटे. ती देवभोळी नव्हती. पण ह्या एका तासात तिचं कर्जतचं घर आणि तिची प्रयोगशाळा एकाच जागी असत.

ह्या वर्षी मे महिन्यात जुनं मायनस ऐंशी बंद पडलं. गेल्या दिवाळीनंतर शेजारी एक नवं आलं होतं आणि तेव्हापासून कुप्या दोन्हींत वाटून ठेवलेल्या असत. दुरुस्तीची मंजुरी येईपर्यंत सगळ्या नव्यात हलवल्या. दिवाळीनंतर अर्ध्या कुप्या कोरड्या बर्फात घालून हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत पाठवायच्या होत्या. त्याचा डबाही येऊन पडला होता.

आणि ह्या वर्षी आई, पुष्पावती, घट बसल्यापासून फोनवर म्हणत होती, की एक नवमी तरी माझ्याबरोबर कर. आई ब्याऐंशीची. राजेश्वरी गेली.

संध्याकाळी कारभारीचा फोन आला. पूजा झाली, प्रसाद पहारेकऱ्यालाही दिला, आता मी गावाकडं निघालो. तिने विचारलं, मायनस ऐंशी?

"चालू केला, बाई. चालू हाय."

आतून आईने आरतीला हाक मारली. राजेश्वरीने बरं म्हणून फोन ठेवला. तिने आकडा विचारला नाही. तिच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक मुलाने ह्यावरून बोलणी खाल्लेली होती, की चालू आहे म्हणजे काय, आकडा सांग. त्या दिवशी तिने आकडा विचारला नाही.

जुनं फ्रीझर वीज आली की आपोआप सुरू होई. नव्याला बटण सुरू केल्यावर पुढच्या बाजूचं आणखी एक बटण तीन सेकंद दाबून धरावं लागे. जनरेटरमुळे ते कधी बंदच पडलं नव्हतं, त्यामुळे ही गोष्ट कुणाला कळायचं कारण नव्हतं. माहितीपुस्तिकेच्या एकेचाळिसाव्या पानावर ती लिहिलेली होती आणि ते पान राजेश्वरीने वाचलं होतं. कारभारीने मागचं बटण सुरू केलं. शेजारचा साधा फ्रीज घरघरत होता. आकड्याच्या पट्टीवर त्याने झेंडूची माळ आणि आंब्याचा टहाळा बांधला होता, आणि पूजेतली माळ उत्तरपूजेआधी काढत नाहीत. शुक्रवार, शनिवारी दसरा, मग रविवार.

सोमवारी सकाळी तिने कुलूप उघडलं तेव्हा आधी वास आला. छावणीचा वास. क्षणभर तिला तो ओळखीचा म्हणून बरा वाटला, हे तिला पुढे कित्येक दिवस स्वतःला माफ करता आलं नाही. फरशीवर पाणी होतं. माळेची फुलं काळपट पडली होती. तिने माळ बाजूला केली. पट्टी कोरी होती.

तिने दार उघडलं, तापमापक लावला, आकडा घेतला आणि वहीत लिहिला: अधिक एकतीस. वेळ: आठ वाजून बावन्न. मग ती स्टुलावर बसली.

कारभारी साडेनऊला आला. दसऱ्याला भेट झाली नव्हती म्हणून हातात आपट्याची पानं होती. दारातच त्याला वास आला. त्याने खोलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पानं कुठे ठेवावीत ते त्याला कळेना.

"म्या चालू केला हुता," तो म्हणाला. "बाई, म्या ह्या हातानं चालू केला."

"हो."

"आवाज येत हुता की."

"तो फ्रीजचा."

तो खाली बसला, पाण्यातच. कप्पा ओढून त्याने एक कुपी हातात घेतली, मुठीत धरली, आणि बराच वेळ सोडली नाही. ऊब देऊन जगवायचं जनावर असावं तशी. मारलं होतं ते उबेनेच. राजेश्वरीने ते त्याला सांगितलं नाही. तिने त्याच्या हातातून कुपी काढून घेतली, कारण अजून एक करून बघायचं होतं.

तीनशे बाराच्या तीनशे बारा कुप्या त्यांनी लावून पाहिल्या. तिची शेवटची विद्यार्थिनी सृष्टी, कारभारी आणि ती. हवा काढलेल्या बाटल्या, त्यात थोडं अन्न, त्यात मोजून सायनाइड. दोन दिवसांनी रंगाची चाचणी: सायनाइड तसंच असेल तर जांभळट लाल, कुणी खाल्लं असेल तर फिकट. पहिल्या दिवशी चाळीस बाटल्या लाल. दुसऱ्या दिवशी चाळीस लाल. काही बाटल्यांत जिवाणू वाढले होते, भरपूर वाढले होते. पण ते कुजवणारे, कुठेही मिळणारे. किराळ खाणारा एकातही नव्हता. एकदा एक बाटली फिकट आली तेव्हा सृष्टीने राजेश्वरीचा दंड धरला. तिने चाचणी पुन्हा केली. त्या बाटलीत सायनाइड घालायचं राहून गेलं होतं.

हे तीन आठवडे चाललं. दिवाळीत सृष्टी घरी गेली आणि तिकडूनच तिने कळवलं, की दुसरा विषय घ्यावा लागेल, मॅडम, मला तीन वर्षं झालीत. राजेश्वरीने शिफारसपत्र त्याच दिवशी लिहून पाठवलं.

केंद्राचे संचालक आप्पासाहेब चांगले गृहस्थ होते, पण वर उत्तर त्यांना द्यायचं होतं. त्यांनी अहवाल मागितला. कंत्राटी माणूस, कायम करायचा प्रस्ताव नुकताच गेलेला. ते म्हणाले, राजेश्वरीताई, तुम्ही फक्त वस्तुस्थिती लिहा, पुढचं मी बघतो. पुढचं काय ते दोघांनाही ठाऊक होतं. तिने वस्तुस्थिती लिहिली. शीतयंत्र दरवर्षी एक तास बंद ठेवण्याची पद्धत माझ्या परवानगीने व माझ्या मोजमापाच्या आधारे सुरू झाली. नवीन यंत्र पुन्हा सुरू करण्याची रीत मला माहीत होती. ती मी कर्मचाऱ्यास सांगितली नव्हती. दूरध्वनीवर तापमानाचा आकडा मी विचारला नाही. खाली सही.

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, ह्यात त्याचं नावच नाही.

"त्याने केलेली चूक ह्यात आहे तेवढीच आहे," ती म्हणाली.

प्रकल्प बंद झाला. तिला चारा-तपासणीचं काम दिलं. शेतकरी मूरघासाचे, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचे, नमुने आणतात, त्यांची आम्लता मोजून द्यायची. कारभारीची नोकरी राहिली. तो कायमही झाला. त्याने पेढे आणले आणि तिच्या टेबलावर ठेवून बाहेर गेला.

लोकांना वाटलं तिने त्याला माफ केलं. तिलाही तसं वाटायला हवं होतं. अहवालातलं अक्षरन् अक्षर खरं होतं आणि ते तिने मनापासून लिहिलं होतं. पण तो चहा ठेवायला आला की तिची नजर त्याच्या हाताकडे जाई आणि तिथून ती काढून घ्यावी लागे. अकरा वर्षांत त्या दोघांनी कामावर जेवढं बोलून घेतलं होतं, तेवढ्यावरच आता भागत होतं. तो विनोद करीनासा झाला. तिने कधी विचारलं नाही, का करीत नाही.

मग थर्मास सुरू झाले.

पहिला संक्रांतीनंतरच्या शनिवारी आला. कारभारी सुट्टीला गावी गेला होता, तो शनिवारी सकाळी जामखेडच्या एसटीने उतरून थेट प्रयोगशाळेत आला आणि टेबलावर स्टीलचा थर्मास ठेवला. शेजाऱ्याच्या बैलाचं होतं. नळी त्याने जुन्या सामानातून नेली होती. पाणी कसं ओढायचं, थर्मास काठोकाठ भरून हवा कशी राहू द्यायची नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. राजेश्वरीने बाटल्या लावल्या. सोमवारी लाल.

पुढच्या शनिवारी दुसरा. मग खर्ड्याकडचा एक, नान्नजचा एक, एका धनगराच्या तीन मेंढ्यांचे तीन. तो आठवडी बाजारात हिंडून विचारी, कुणाचं जनावर किराळातून वाचलंय का? लोक त्याची टर उडवत. बैलाच्या पोटातलं पाणी विकतो का रं, म्हणत. तो हे स्वतःच तिला सांगे, आणि हे सांगताना पूर्वीचा कारभारी थोडासा दिसे. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. ती दर शनिवारी चारा-तपासणी आटपून बाटल्या लावी. सगळ्या लाल येणार हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोन वर्षं पाऊस चांगला झाला होता. जनावरांच्या पुढ्यात हिरवा मका होता, मूरघास होता. ज्या पोटात पुरेसं अन्न आहे तिथे विष खाऊन जगणाऱ्याला जागा नसते. बाकीचे त्याला टिकू देत नाहीत. हे तिनेच सिद्ध केलेलं होतं. त्याच्यावर तिचा लेख होता.

तिने ते त्याला सांगायला हवं होतं. ती सांगू शकली नाही, कारण शनिवारी तो थर्मास ठेवायचा आणि ती झाकण उघडायची, त्या पाच मिनिटांत तिची नजर त्याच्या हातावरून हटत नसे आणि हटवावीशी वाटत नसे.

मेच्या शेवटी तो सत्ताविसावा थर्मास घेऊन आला. उन्हाने तोंड काळं पडलं होतं, पायाला पट्टी होती. म्हैस पायावर उभी राहिली होती म्हणाला. आणि मग, हसत, म्हणाला की पुढच्या महिन्यात आष्टीकडं जाऊन बघतो, तिकडं कोरडं हाय म्हणतात.

"कारभारी, आता आणू नका," राजेश्वरी म्हणाली.

तो उभाच राहिला. तिने त्याला खुर्ची दिली. मग तिने सगळं सांगितलं, विद्यार्थ्याला सांगावं तसं, पायरी पायरीने: कुठल्या पोटात तो राहतो, कुठल्या पोटात राहत नाही, तेरा साली का सापडला, एकोणीसला का सापडला, मधल्या वर्षांत का नाही. ऐकत असताना तो मान हलवत होता. त्याला समजत होतं. तिने इतकी वर्षं त्याला शिकवलंच तसं होतं.

"म्हंजी," तो शेवटी म्हणाला, "दुस्काळ पडल्याबिगर त्यो घावायचा न्हाई."

"नाही."

"साधासुधा न्हाई. जनावरं मरतील असा."

तिने थर्मासचं झाकण घट्ट केलं.

"मंग मी ह्ये पाच म्हैनं काय मागत हिंडलो, बाई?"

ह्याचं उत्तर तिच्याकडे होतं आणि ते तिला द्यायचं नव्हतं, कारण तीही तेच मागत होती. त्याने थर्मास उचलला, बेसिनपाशी नेला. सत्ताविसाव्या नमुन्याची चाचणी झाली नाही. तिने वहीत तसं लिहिलं.

त्या वर्षी जून कोरडा गेला. जुलैच्या सुरुवातीला दोन सरी आल्या, लोकांनी पेरून घेतलं, आणि मग आभाळ उघडलं ते उघडलंच. कारभारी दोन महिन्यांची रजा काढून पेरणीसाठी गावी गेला होता. राजेश्वरी रोज सकाळी गच्चीवर जाऊन बघे. पूर्वीही बघायची; कर्जतची माणसं बघतातच. पण आता आभाळ कोरडं दिसलं की तिच्या आत काहीतरी हलकेच सावरून बसे आणि तिला स्वतःची शिसारी येई. निवृत्तीला दीड वर्ष होतं. नळी, पंप, थर्मास, आठ महिने, एवढं पुरलं असतं. एके दिवशी चारा-तपासणीला आलेला पाटोद्याकडचा एक म्हातारा म्हणाला, ज्वारीचं कडवळ गुडघ्यावर येऊन वाळाया लागलंय, जनावरं सोडायचं भ्या वाटतं. तिने त्याला सावधगिरीच्या सूचना दिल्या, औषधाचं नाव लिहून दिलं. मग त्याच्या गावाचं नाव विचारलं. ते कागदावर लिहिलं, आणि तो गेल्यावर कागद फाडला.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, कारभारीचा फोन आला. रजेवर गेल्यापासूनचा पहिलाच. मागे पत्र्यावर इतका आवाज होता की त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

"बाई, पाऊस झाला. काल रातच्यापासून हाय. वढा भरून चाललाय."

नगरला ऊन होतं. टेबलावर मूरघासाच्या पिशव्या होत्या.

"कडवळ?" तिने विचारलं.

"उठलं बघा. आता काय व्हत न्हाई त्येला. समद्याची जनावरं वाचली." मग त्याचा आवाज थांबला. पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत राहिला. तो फोन ठेवीत नव्हता. ती काय म्हणते ते ऐकायला तो थांबला होता, हे तिला कळत होतं.

"किती झाला?" ती म्हणाली. "आकडा सांगा."

तो आत कुणाला तरी विचारून आला. "म्हसूल मंडळात ब्याऐंशी मिलिमीटर म्हंत्यात. आजून चालूच हाय."

तिने पुढ्यातल्या मूरघासाच्या नोंदवहीच्या कडेला लिहिलं: जामखेड, ब्याऐंशी. पेन खाली ठेवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकू गेला नसावा. "बरं झालं, कारभारी," ती पुन्हा, मोठ्याने म्हणाली.

"व्हय, बाई," तो म्हणाला. "बरंच झालं की."

त्यानंतर दोघांपैकी कुणीच बराच वेळ फोन ठेवला नाही.